संख्येचे सत्य आणि त्याचा साक्षी

तर्कशास्त्राचा पहिला ग्रंथ हाती घेणाऱ्या विद्यार्थ्याला चोवीस गुणांची यादी मुखोद्गत करावी लागते. रूप, रस, गंध, स्पर्श हे चार गुण म्हणून झाले की पाचव्या स्थानी 'संख्या' येते. पहिल्या चारांविषयी त्याला शंका येत नाही, कारण ते इंद्रियांना सरळ भिडतात. पाचवा मात्र त्याला थबकवितो. समोर दोन आंबे ठेवले तर पिवळेपणा आंब्यांत आहे हे दिसते. पण 'दोनपणा' कोठे आहे? पहिल्या आंब्यात तो नाही, दुसऱ्यातही नाही, आणि दोहोंमधल्या मोकळ्या जागेत तर नाहीच नाही.

वैशेषिकांनी ह्याचे जे उत्तर दिले आहे ते मोठे सूक्ष्म आहे. एकत्व प्रत्येक वस्तूत स्वतःचे असते. परंतु द्वित्वापासून पुढच्या सर्व संख्या 'हा एक, हा एक' अशा एकत्र जोडणाऱ्या बुद्धीतून उत्पन्न होतात. ह्या बुद्धीला अपेक्षाबुद्धि असे नाव आहे. ती उपजली की दोन्ही आंब्यांवर मिळून द्वित्व उत्पन्न होते, आणि ती मावळली की तेही नाहीसे होते. म्हणजे मोजणारा नसेल तर दोन नाहीत, तीन नाहीत, शंभरही नाहीत.

ह्या सिद्धांतावर एक शंका मनात फार दिवस घर करून होती. संख्या जर मोजणाऱ्याच्या बुद्धीने जन्मते, तर तिचे धर्म कोणाचे? ती सम आहे की विषम, तिला भाजक आहेत की नाहीत, हे तरी मोजणाऱ्याच्या अधीन असावयास हवे. पण तसे ते नाही. लहान संख्यांत ही अडचण लपून राहते, कारण बाराला तीनांनी भाग जातो हे बारा उच्चारताक्षणीच आपल्याला ठाऊक असते. शंकेचे खरे बळ पाहावयाचे तर संख्या मोठीच घ्यावी लागते. इतकी मोठी की ती मनात आणता येईल, लिहून काढता येईल, पण तिच्या पोटात काय आहे ते कळणार नाही.

अशी एक संख्या आहे. दोनाचा सदुसष्टावा घात घ्यावा आणि त्यातून एक वजा करावा. उत्तर येते: १४७५७३९५२५८९६७६४१२९२७. एकवीस अंक.

ही संख्या समजून घेण्यास आपल्याकडील छंदःशास्त्र उपयोगी पडते. पिंगलाच्या प्रस्तारात प्रत्येक अक्षर लघु किंवा गुरू असू शकते. म्हणून एका अक्षराचे दोन, दोहोंचे चार, तिहींचे आठ असे भेद होत जातात. सदुसष्ट अक्षरांचा एक चरण कल्पिला, आणि सर्व अक्षरे गुरू असलेला भेद तेवढा बाजूला ठेवला, तर उरलेल्या भेदांची संख्या हीच. ती काढण्यासाठी सदुसष्ट वेळा दुप्पट करीत बसावयास नको. संख्या सम असेल तर अर्धी करावी, विषम असेल तर एक काढावा, आणि परतताना अर्धे केले तेथे वर्ग व एक काढला तेथे दुप्पट करावी, ही पिंगलाची युक्ती नऊ पायऱ्यांत तेथवर पोचविते. बुद्धिबळाच्या पटावर दुपटीने धान्य मागणाऱ्याची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. त्या पटाला चौसष्टाऐवजी सदुसष्ट घरे असती तर मागितलेले एकूण दाणे इतकेच झाले असते.

तिचा आवाका किती? भास्कराचार्यांनी लीलावतीत स्थानांची जी नावे दिली आहेत ती परार्धाशी, म्हणजे एकावर सतरा शून्यांशी, थांबतात. आपली संख्या १४७५ परार्धांहून अधिक आहे. (येथे अनुवादकाच्या व्यवसायातील एक गोष्ट जाता जाता सांगतो. लीलावतीतील अर्बुद म्हणजे दहा कोटी आणि अब्ज म्हणजे शंभर कोटी. हिंदीतील अरब हा शब्द अर्बुदावरून आला, पण त्याचा अर्थ मात्र शंभर कोटी. संस्कृत ग्रंथातील अर्बुद हा आपल्या ओळखीचा अरब समजून जो उतरवून घेईल त्याचे गणित एका शब्दात दसपट होते.) गीतेच्या आठव्या अध्यायात ब्रह्मदेवाचा दिवस सहस्र युगांचा सांगितला आहे, पुराणांच्या गणनेने ती ४ अब्ज ३२ कोटी वर्षे होतात. एका सेकंदाला एक याप्रमाणे कोणी आपली संख्या मोजू लागला, तर त्याला असे सुमारे १०८२ दिवस लागतील. रात्रीही जागून मोजले तर ब्रह्मदेवाचे दीड वर्ष.

ह्या संख्येचा इतिहास एका ख्रिस्ती साधूपासून सुरू होतो. पॅरिसमध्ये मठात राहणारा मेर्सेन (१५८८ ते १६४८) हा धर्माने वैराग्यशील आणि वृत्तीने अत्यंत जिज्ञासू असा पुरुष होता. युरोपातील गणित्यांची पत्रे त्याच्याकडे येत आणि तो ती एकमेकांना कळवी. दोनाच्या घातातून एक वजा केल्यावर उरणारी संख्या केव्हा मूळसंख्या असते, म्हणजे एक आणि ती स्वतः यांखेरीज तिला भाजक केव्हा नसतात, हा प्रश्न त्या काळी महत्त्वाचा होता. ज्यांच्या लहान भाजकांची बेरीज त्यांच्याइतकीच भरते अशा ६, २८, ४९६ यांसारख्या पूर्ण संख्या अशाच मूळसंख्यांपासून बनतात, हे युक्लिडपासून माहीत होते. घात संयुक्त असेल तर उत्तरही संयुक्त असते. उदाहरणार्थ, सहा हा दोन व तीन यांचा गुणाकार, म्हणून सहाव्या घाताच्या ६३ ला ३ व ७ या दोहोंनी भाग जातो. पटावरील चौसष्ट घरांची संख्याही याच वाटेने सहज फुटते. परंतु ६७ ही स्वतः मूळसंख्या असल्यामुळे ती वाट येथे बंद आहे.

१६४४ साली मेर्सेनने २५७ पर्यंतच्या घातांची एक यादी प्रसिद्ध केली. दोन, तीन, पाच, सात, तेरा, सतरा, एकोणीस, एकतीस, सदुसष्ट, एकशे सत्तावीस आणि दोनशे सत्तावन्न या घातांना मूळसंख्या मिळते, इतरांना नाही, असे त्याचे विधान होते. सिद्धता दिली नव्हती. इतक्या मोठ्या संख्या तपासून पाहण्यास मनुष्याजवळ काळ पुरणार नाही, याची त्याला स्वतःलाही जाणीव होती. तरी यादी टिकली. सांगणारा सज्जन होता, विद्वान होता, आणि उलट दाखविणारा कोणी नव्हता.

आप्तवाक्य प्रमाण मानणाऱ्या आपणां लोकांनी येथे क्षणभर थांबले पाहिजे. न्यायसूत्रांच्या भाष्यकारांनी आप्त कोणाला म्हणावे हे फार काटेकोरपणे सांगितले आहे. ज्याने वस्तू साक्षात् जाणली आहे, आणि जशी जाणली तशी सांगण्याच्या इच्छेने जो बोलतो, तो आप्त. दोन अटी आहेत. मेर्सेनजवळ दुसरी पुरेपूर होती. तो कोणाला फसवीत नव्हता. पहिली नव्हती. आपल्या व्यवहारात आपण बहुधा दुसरीच अट पाहतो. मनुष्य प्रामाणिक आहे एवढे दिसले की त्याचे वाक्य प्रमाण धरतो, आणि त्याने ती वस्तू पाहिली आहे काय हे विचारणे म्हणजे त्याचा अपमान करणे असे समजतो. भाष्यकारांच्या दृष्टीने तो अपमान नव्हे. ते लक्षणाचे पहिलेच पद आहे.

दोनशे बत्तीस वर्षे गेली. १८७६ साली फ्रान्समधील ल्यूका नावाच्या गणित्याने सिद्ध केले की सदुसष्टाव्या घाताची ही संख्या मूळसंख्या नाही. मौज अशी की तिचा एकही भाजक त्याला सापडला नव्हता.

हे कसे घडू शकते? ल्यूकाची कसोटी पुढे १९३० साली लेमर याने सुटसुटीत रूपात मांडली. त्या रूपात ती अशी आहे. चारापासून आरंभ करावा. आलेल्या अंकाचा वर्ग करून त्यातून दोन वजा करावे, त्याला तपासावयाच्या संख्येने भागून बाकी तेवढी ठेवावी, आणि हेच पुन्हा करावे. घातातून दोन वजा केल्यावर जितके उरतील तितक्या वेळा हे केल्यानंतर बाकी शून्य आली तर संख्या मूळ, न आली तर संयुक्त. पाचव्या घाताची संख्या ३१. चाराचे झाले १४, चौदाचे १९४, त्याची बाकी ८; आठाचे ६२, आणि ६२ ला ३१ ने भागून बाकी शून्य. म्हणून ३१ मूळसंख्या. आता अकराव्या घाताची २०४७ घ्या. नऊ वेळा कृती करावयाची. बाक्या क्रमाने १४, १९४, ७८८, ७०१, ११९, १८७७, २४०, २८२ आणि शेवटी १७३६ अशा येतात. शून्य आले नाही, म्हणजे २०४७ संयुक्त. ह्या नऊ अंकांत तिच्या भाजकांचे नावही नाही, तरी भाजक असलेच पाहिजेत हे निश्चित झाले.

नैयायिकाला हे ऐकून नवल वाटणार नाही. डोंगरावर धूर दिसला की अग्नी आहे हे निश्चयाने कळते. पण आत कोणती लाकडे जळत आहेत ते धूर सांगत नाही. ल्यूकाचे ज्ञान अनुमान होते, आणि अनुमान असूनही पूर्ण प्रमाण होते. लोकांची भूक मात्र प्रत्यक्षावर असते. 'भाजक आहेत म्हणता, तर दाखवा' असे म्हणणे स्वाभाविकच आहे.

आमच्याकडे नारायण पंडिताने १३५६ सालच्या गणितकौमुदीत भाजक काढण्याची एक सुंदर रीत दिली आहे. दिलेल्या संख्येत एखादा वर्ग मिळवून दुसरा पूर्ण वर्ग होतो का, ते पाहावे. २०४७ मध्ये ३३ चा वर्ग १०८९ मिळविला तर ३१३६ होतात, आणि तो ५६ चा वर्ग आहे. मग ५६ आणि ३३ यांची वजाबाकी २३ व बेरीज ८९ हेच दोन भाजक. युरोपात ही रीत फर्माच्या नावाने ओळखली जाते आणि ती जवळजवळ तीन शतके नंतरची आहे. परंतु एकवीस अंकी संख्येपुढे ही रीत एकटी दमून जाते.

भाजक सापडले ते १९०३ साली. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील अध्यापक फ्रँक नेल्सन कोल यांनी अमेरिकन गणितपरिषदेच्या ऑक्टोबरमधील सभेत ते मांडले. त्या सभेची हकीकत बेल या लेखकाने लिहून ठेविली आहे. ती अशी: कोल फळ्यापाशी गेले. एक शब्दही न बोलता त्यांनी दोनाचा सदुसष्टावा घात काढला आणि त्यातून एक वजा केला. मग फळ्याच्या दुसऱ्या भागावर १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७ हे दोन अंक लिहून त्यांचा गुणाकार हाताने करीत गेले. दोन्ही उत्तरे जुळली. ते आपल्या जागेवर जाऊन बसले. सभेने टाळ्या वाजविल्या. प्रश्न कोणीही विचारला नाही. पुढे बेलने त्यांना ह्या शोधाला किती काळ लागला असे विचारले तेव्हा उत्तर मिळाले: तीन वर्षांचे रविवार.

वाचकांपैकी ज्यांना हौस असेल त्यांनी तो गुणाकार स्वतः करून पाहावा. अर्धा तास पुरेल. तेवढाही वेळ नसेल तर नवांची कसोटी लावावी. पहिल्या भाजकाच्या अंकांची बेरीज ३७, दुसऱ्याची ६४, मूळ संख्येची १०९. तिन्ही पुन्हा बेरजेने एकावर येतात, आणि एकाला एकाने गुणले की एकच. मात्र ही कसोटी जुळली म्हणून गुणाकार बरोबर ठरत नाही, न जुळली तर चूक एवढे ठरते. जो हेतू साध्य नसतानाही आढळतो त्याला आमच्या शास्त्रात व्यभिचारी म्हणतात, आणि त्याच्यावर निर्णय ठेवू नये असे सांगतात.

आता मूळ शंकेकडे वळू. १६४४ पासून १८७६ पर्यंत, आणि त्यापूर्वीही अनादि काल, ही संख्या संयुक्त होती की नव्हती? ज्यांनी तिचा विचार केला ते सर्व ती मूळसंख्या आहे असे मानीत होते. भाजकांविषयी म्हणाल तर १९०३ पूर्वी ते कोणत्याही मनुष्याच्या बुद्धीत एकत्र आले नव्हते. सत्य हे माणसांच्या संमतीने ठरते असे म्हणणारे आज पुष्कळ आहेत, आणि रूढी, कायदा, शिष्टाचार यांपुरते त्यात तथ्यही आहे. पण ती दोनशे बत्तीस वर्षे संख्या मूळ होती आणि मग ल्यूकाने ती संयुक्त केली, असे म्हणण्याचे धाडस त्यांच्यातलाही कोणी करणार नाही.

'हे सर्व व्याख्येतच होते' असे कोणी म्हणतील. दोन, घात, वजाबाकी, भाजक यांच्या व्याख्या आपण केल्या; त्यांत जे होते तेच बाहेर आले. ठीक आहे. पण मेर्सेनला ह्या व्याख्या आपल्याइतक्याच पूर्ण ठाऊक होत्या. व्याख्या त्याच्या हातात होत्या आणि त्यांचे पर्यवसान त्याच्या हातात नव्हते, ही तर आपली शंकाच आहे. ते तिचे उत्तर नव्हे.

उत्तर वैशेषिकांजवळच आहे, फक्त त्यांचे वाक्य नीट ऐकले पाहिजे. अपेक्षाबुद्धि ही द्वित्वाचे निमित्तकारण आहे, असे ते म्हणतात. समवायिकारण त्या वस्तूच आहेत, आणि असमवायिकारण त्या वस्तूंतील एकेक एकत्व. कुंभार नसेल तर घट होत नाही. पण घट पाण्यात विरघळतो की टिकतो हे कुंभाराच्या मर्जीवर नसून मातीवर आणि भट्टीवर आहे. तसेच मोजणे हे आपल्याकडून आरंभ पावते. मोजून जे येते त्याचे धर्म त्या एकत्वांच्या जुळणीत असतात. प्रस्तारातील भेदांसारख्या द्रव्य नसलेल्या गोष्टीही मोजल्या जातात, मग संख्या गुण कशी, असा आक्षेप निघेल. तो नवा नाही. रघुनाथ शिरोमणींनी नेमका अशाच कारणाने संख्येला गुणांतून काढून स्वतंत्र पदार्थाचे स्थान दिले. मला त्यांचे म्हणणे पटते. आपल्या प्रश्नाला मात्र त्याने बाध येत नाही.

याहूनही जवळचा एक वाद मुक्तावलीत नोंदलेला आहे. सेना किंवा वन पाहिले असता 'पुष्कळ' असे ज्ञान होते. नेमके किती हे कळत नाही. तेथे कोणती संख्या उत्पन्न होते? कंदलीकार श्रीधर म्हणतात, बहुत्व नावाची एक निराळी संख्या. उदयनाचार्य म्हणतात, नाही. तेथेही नेमकीच संख्या उत्पन्न झालेली असते, पाहणाऱ्याच्या उणिवेमुळे तिचे नेमकेपण तेवढे त्याला कळत नाही. विद्यार्थिदशेत हा वाद मला निव्वळ शब्दांचा वाटे. एकवीस अंकांच्या ह्या संख्येने त्याला अर्थ दिला. ल्यूकापुढे ती संख्या सेनेसारखी उभी होती. भाजक आहेत एवढे त्याला कळले, कोणते ते कळले नाही. पण ते अनिश्चित होते असे नव्हे. १९३७०७७२१ हाच भाजक तेव्हाही होता, १९३७०७७२३ नव्हता. आचार्यांचा पक्ष मला येथे निरुत्तर करणारा वाटतो.

आस्तिक वाचक म्हणतील की मनुष्याने मोजले नसले तरी ईश्वराने मोजले होते. नैयायिकांचेही म्हणणे तसेच आहे. परमाणूंना मोजणारा कोणी जीव नव्हता, तरी त्यांच्या द्वित्वावाचून द्व्यणुकाचे परिमाण सिद्ध होत नाही. म्हणून तेथे ईश्वराची अपेक्षाबुद्धि मानावी लागते. न्यायकुसुमांजलीत उदयनाचार्यांनी ईश्वराच्या सिद्धीसाठी जी प्रमाणे दिली त्यांत 'विशिष्ट संख्या' हे एक आहे, ते याचसाठी. पण एक गोष्ट विसरून चालणार नाही. ईश्वराचे ज्ञानही यथार्थ म्हटले आहे, म्हणजे जशी वस्तू तसे ते ज्ञान. इच्छा झाली म्हणून त्याने ह्या संख्येला मूळसंख्या केले असते, असे कोणत्याही आचार्याने म्हटलेले नाही. ब्रह्मसूत्रांत ईश्वरावर पक्षपाताचा आरोप येतो तेव्हा सूत्रकार उत्तर देतात की तो जीवांच्या कर्मांची अपेक्षा ठेवून फल देतो. मोजण्यातही 'अपेक्षा' आणि फल देण्यातही 'अपेक्षा'; शब्दाची ही जुळणी योगायोगाची असेल, पण मला ती चिंतनीय वाटते. दोन्हीकडे ज्ञाता वस्तूला बांधलेला आहे.

गीतेचे विवरण करताना कर्मावर अधिकार आहे, फलावर नाही, हे आपण सांगतो आणि त्याचे कारण असे देतो की फल अनिश्चित असते. कोल यांच्या तीन वर्षांच्या रविवारांकडे पाहिले म्हणजे हे कारण अपुरे वाटू लागते. तेथे फल यत्किंचितही अनिश्चित नव्हते. ते कोल यांच्या जन्मापूर्वीच ठरलेले होते. तरीही ते त्यांच्या अधिकारात नव्हते. हाती एवढेच होते की वाट निवडावी आणि चालावे. वाटही संख्येनेच आखून दिलेली होती: अशा संख्येचा कोणताही भाजक १३४ च्या पटीहून एकाने अधिक असावा लागतो, आणि आठाने भागले असता त्याची बाकी एक किंवा सात यावी लागते. १९३७०७७२१ हा १३४ च्या १४४५५८० पटींहून एकाने अधिक आहे. केवळ ह्या नियमाने कोणी एकेक भाजक लावीत गेला असता तर त्याला सात लाखांहून अधिक भागाकार करावे लागले असते. कोल यांनी वर्गांच्या बाक्यांवरून शोधाचे क्षेत्र आणखी आकसून घेतले. एकाही भागाकारात 'जवळजवळ जुळले' याला किंमत नव्हती.

कोणी पाहत नसताना, कोणी तपासणार नसताना हे काम चालले. येथे प्रश्न गणिताचा राहत नाही. काही वर्षांपूर्वी एका ज्योतिषग्रंथाचा अनुवाद मी करीत होतो. त्यातील कल्पाच्या आणि ग्रहभगणांच्या लांबलचक संख्या पाहून प्रकाशक मला म्हणाले, "पंडितजी, एवढे अंक कशाला? 'अब्जावधी' म्हणा. वाचक काही मोजीत बसत नाही." मी अंक ठेवले. त्यांचे म्हणणे व्यवहाराला सोडून होते असे नाही. वाचक खरोखरच मोजीत बसत नाही. पण त्या बोलण्याच्या तळाशी एक समजूत होती, आणि ती केवळ प्रकाशकांची नाही. जे कोणी पडताळणार नाही ते असे असले काय आणि तसे असले काय, ही ती समजूत. रोजमेळ लिहिणारा कारकून, औषधाची मात्रा मोजणारा वैद्य, हस्तलिखिताची नक्कल उतरविणारा लेखनिक, ह्या सर्वांच्या कानाशी ती दिवसातून एकदा तरी येते. कंदलीकारांचा पक्ष हा विद्वानांच्या सभेत एक सूक्ष्म मत असेल. पण घरी आणि कचेरीत तो ह्या रूपाने वावरतो की जेथे नेमके ज्ञान नाही तेथे नेमकी वस्तूही नाही, नुसते 'पुष्कळ' आहे.

धर्माधर्माचे निर्णय गुणाकाराने होतात असे माझे म्हणणे नाही. तेथे दोन्ही बाजूंची उत्तरे फळ्यावर जुळवून दाखविता येत नाहीत, आणि मोठमोठ्यांची मती तेथे गोंधळते असे गीताच सांगते. ज्या निश्चयाने मी २०४७ विषयी बोललो त्या निश्चयाने एखाद्या कठीण प्रसंगी काय करावे हे मला सांगता येणार नाही. साम्य आहे ते ज्ञात्याच्या वर्तनात. उत्तर माझ्या सोयीने वाकणार नाही हे जाणून मनुष्य जसा आकड्यांपुढे बसतो, तसा तो स्वतःच्या कृत्यांपुढे बसू शकतो की नाही, एवढाच प्रश्न आहे.

गीतेच्या दहाव्या अध्यायात विभूती सांगताना भगवंतांनी, गणना करणाऱ्यांमध्ये आपण काल आहोत, असे म्हटले आहे. ह्या वचनाचे भाषांतर करणे सोपे नाही. मुळातील धातूचा अर्थ मोजणे असाही होतो आणि ग्रासणे असाही. काही भाषांतरकार एक घेतात, काही दुसरा. शंकराचार्यांनी मोजण्याचा अर्थ घेतला आहे, आणि मलाही तोच प्रकरणाला धरून वाटतो. काल मोजतो, आणि आपण मोजीत नसतानाही मोजतो. मेर्सेनच्या यादीचा निकाल कालाने असाच हप्त्याहप्त्याने दिला. १८८३ साली रशियातील उरल प्रदेशाच्या एका खेड्यातील पेर्वुशिन नावाच्या धर्मोपदेशकाने एकसष्टाव्या घाताची संख्या मूळसंख्या आहे असे दाखविले; ती यादीत नव्हती. एका साधूची यादी दुसऱ्या साधूने दुरुस्त केली. पुढे १९११ व १९१४ साली पॉवर्स याने एकोणनव्वद आणि एकशे सात हे दोन घात भरीला घातले, आणि दोनशे सत्तावन्न हा घात विसाव्या शतकात गळून पडला.

कोल यांच्या तीन वर्षांच्या रविवारांचे काम आजचा संगणक डोळ्याचे पाते लवते न लवते तोच करतो. परंतु ल्यूकाच्या जागी उभे राहण्याची पाळी संपलेली नाही. १२७७ ही मूळसंख्या आहे. दोनाचा १२७७ वा घात घेऊन एक वजा केला तर येणारी संख्या संयुक्त आहे, हे त्याच कसोटीने निश्चित झाले आहे. शेवटची बाकी शून्य येत नाही. तिचे भाजक शोधण्यात अनेकांचे संगणक अनेक वर्षे खपले आहेत, आणि हे लिहीत असताना त्यांपैकी एकही कोणाला माहीत नाही. संख्या ३८५ अंकी आहे. साध्या वहीत बारीक अक्षरात लिहून काढली तर सुमारे दहा ओळी होतात.